मुकादमी आणि नेतृत्व

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंधरा-वीस वर्षे यंत्रावर काम केलेल्या कामगाराच्या हाती एके दिवशी बढतीचे पत्र पडते. शनिवारपर्यंत तो फिटर किंवा विणकर असतो, सोमवारी सुपरवायझर होतो. खाते तेच, यंत्रे तीच, माणसेही तीच. परंतु दुपारच्या सुट्टीत ज्या बाकावर बसून तो डबा खात असे, तेथे तो आला की गप्पा थांबतात. कालपर्यंत त्याला अरे-तुरे करणारे सहकारी अचानक 'साहेब' म्हणू लागतात, आणि त्या 'साहेब' शब्दात आदरापेक्षा टोचणीच अधिक असते. हाती आलेल्या पत्रात पगाराचा आकडा असतो, कामांची यादी असते, रजा मंजूर करण्याचा अधिकार किती दिवसांपुरता आहे तेही लिहिलेले असते. चार माणसांना बरोबर घेऊन काम कसे करायचे, हे मात्र त्यात नसते. आणि ते या माणसाला येते की नाही, असा प्रश्नही बढती देताना कोणी विचारलेला नसतो. सेवाज्येष्ठता, हातातले कसब आणि वरिष्ठांशी जुळवून घेण्याची वृत्ती या तीन गोष्टींवर निवड झालेली असते.

त्यानंतर जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्याला नेतृत्व येत नाही आणि ज्याच्या हाती अधिकार आहे, तो अधिकारच वापरतो. जे समजावून सांगून पाच मिनिटांत झाले असते, त्यासाठी तो मेमो देतो. किंवा उलट, जुन्या मित्रांचे मन मोडवत नाही म्हणून तो काहीच ठरवत नाही, आणि मग खात्यातला जो सर्वांत दांडगा असेल त्याच्या तंत्राने खाते चालू लागते. दोन्ही प्रकारांत नुकसान होते ते गरीब स्वभावाच्या, तोंड न उघडणाऱ्या कामगाराचे.

या प्रश्नाकडे व्यवस्थापनशास्त्राने भरपूर लक्ष पुरवले आहे. कामगार चळवळीने मात्र त्याला आपला प्रश्न मानलेलेच नाही. बढती घेतलेला माणूस म्हणजे हातचा गेलेला माणूस, एवढाच विचार युनियनच्या कार्यालयात होतो. काही ठिकाणी तर 'फुटला' हा शब्दही वापरला जातो. परिणाम असा की, पर्यवेक्षक होणाऱ्या कामगाराची घडण संपूर्णपणे मालकाच्या हाती सोपवली गेली. त्याला हवी तशी माणसे त्याने घडवली, याबद्दल मग तक्रार करण्यात अर्थ नाही. पर्यवेक्षकाचे नेतृत्वगुण बढतीनंतर शिकवून येत नाहीत. ते बढतीच्या कितीतरी आधी, बरोबरीच्या माणसांत, कसलाही अधिकार हाती नसताना यावे लागतात. आणि अशा घडणीची जागा व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणकेंद्रापेक्षा चळवळीपाशीच अधिक आहे. या दोन विधानांची छाननी करण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

मुंबईच्या गिरणगावातला जॉबर हा हिंदुस्थानातील औद्योगिक पर्यवेक्षकाचा आद्यपुरुष. त्याला मुकादम म्हणत, सरदारही म्हणत. गिरणीमालकाला मराठी मजूर ठाऊक नव्हता आणि मजुराला मालक ठाऊक नव्हता. या दोहोंमधली फट जॉबरने भरून काढली. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील गावांहून माणसे आणणे, सकाळी गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बदलीवाल्यांपैकी कोणाला आत घ्यायचे ते ठरवणे, साच्यावर काम वाटून देणे, बिघडलेला साचा दुरुस्त करणे आणि नको असलेल्या माणसाला काढून टाकणे, ही सारी कामे त्याच्याकडे होती. नोकरी देताना तो दस्तुरी घेई. पण त्याची सत्ता भोंग्याबरोबर संपत नसे. चाळीतला गाळा मिळवून देणारा तोच, खानावळीची आणि वाण्याची उधारी ज्याच्या शब्दावर चाले तोही तोच. तालमीचा आश्रयदाता आणि गावकीच्या तंट्यातला पंच पुष्कळदा तोच असे. बायकांच्या खात्यांत हेच स्थान नायकिणीचे होते.

आता येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. जॉबरच्या अंगी नेतृत्व होते. ते मालकाने दिलेल्या पदातून आलेले नव्हते, गावाच्या, नात्याच्या आणि वस्तीच्या संबंधांतून ते आधीच तयार झालेले होते, आणि ते होते म्हणूनच मालकाने त्याला पद दिले. म्हणजे 'पर्यवेक्षक होण्यापूर्वी नेतृत्व' ही आज नव्याने शोधलेली कल्पना नाही. जॉबर केवळ मालकाचा हस्तक होता असे जे सरधोपट चित्र रंगवले जाते तेही अपुरे आहे. माणसे पाठीशी राहिली नाहीत तर त्याचे जॉबरपण टिकत नसे, त्यामुळे खात्यात असंतोष पेटला की कित्येकदा त्याला माणसांबरोबर बाहेर पडावे लागे. उणीव दुसरीच होती. त्याचे नेतृत्व खालच्या माणसांना जबाबदार नव्हते. त्याने कोणाला आत घेतले आणि कोणाला का डावलले याचा हिशेब मागण्याची सोय कोठेच नव्हती. असे नेतृत्व माणसांना उपकाराने बांधते, आणि ज्याच्यावर उपकार झाले तो तक्रार करू शकत नाही.

१९२८ च्या मोठ्या संपात याला पहिला खरा पर्याय उभा राहिला. सहा महिने चाललेल्या त्या संपात गिरणी कामगार युनियनने गिरणीवार समित्या उभारल्या. जॉबरकडे जाण्याऐवजी कामगार तक्रार घेऊन आपल्याच खात्यातल्या समितीसदस्याकडे जाऊ लागला. त्या सदस्याला ना पगारवाढ होती, ना कोणाला कामावरून काढण्याची ताकद. त्याच्या शब्दाला वजन येई ते तो खरे बोलतो की नाही आणि दिलेला शब्द पाळतो की नाही यावरून. पुढे या समित्या मोडून पडल्या, त्यांच्या राजकीय चुकाही झाल्या, आणि समाजवाद्यांचे व कम्युनिस्टांचे त्यावरचे जुने वाद अजून मिटलेले नाहीत. ते येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. पण खात्याखात्यांत सामान्य कामगार बोलू, लिहू आणि वाटाघाटी करू लागला, ही गोष्ट त्या वादांच्या पलीकडची आहे.

यानंतर १९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली श्रमविषयक रॉयल कमिशन नेमले गेले. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून नोकरभरती आणि बडतर्फीचे अधिकार काढून घ्यावेत आणि ते लेबर ऑफिसरकडे द्यावेत अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रण योजना सुरू झाली आणि बदलीवाल्यांची नोंद कार्डावर होऊ लागली. जॉबरचे पंख हळूहळू कापले गेले, हे योग्यच झाले. परंतु जुनी मुकादमी काढून टाकताना तिच्या जागी कोणत्या प्रकारचे नेतृत्व यावे याचा विचार फारसा झाला नाही. माणसांचे प्रश्न लेबर ऑफिसरच्या टेबलावर गेले आणि खात्यातल्या पर्यवेक्षकाकडे उरले ते उत्पादन आणि हजेरी. माणूस आणि काम यांची अशी फाळणी कागदावर सोपी दिसते. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते दोन्ही एकाच वेळी भेटतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच प्रश्न अमेरिकेपुढे वेगळ्या रूपात आला. कारखान्यांत लक्षावधी नवी माणसे आली, त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांना काम शिकवणारे अनुभवी पर्यवेक्षक मात्र मोजके होते. त्यातून १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा उपक्रम निघाला. त्याची योजना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. दहा-दहा तासांचे तीन स्वतंत्र पाठ: काम कसे शिकवावे, माणसांशी कसे वागावे आणि कामाची रीत कशी सुधारावी. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, साधारण दहा माणसांचा गट, आणि व्याख्यान जवळजवळ नाहीच. प्रत्येकाने आपल्या खात्यातले खरे उदाहरण आणायचे आणि ते गटापुढे करून दाखवायचे. शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या होत्या: शिकणाऱ्याची मनोभूमिका तयार करणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. शिकणाऱ्याला काम आले नाही तर दोष शिकवणाऱ्याच्या शिकवण्यात शोधायचा, हा त्यामागचा पक्का दंडक. युद्धानंतर जपानने हे पाठ उचलले आणि तेथील कारखान्यांत ते फार काळ टिकले.

भांडवलशाहीच्या कारखान्यात जन्मलेले म्हणून हे तंत्र झिडकारण्याचे कारण नाही. काम शिकवताना समोरच्याला मूर्ख ठरवू नये, वाद ऐकताना आधी हकीकत गोळा करावी आणि मग मत बनवावे, या गोष्टी कोणत्याही समाजव्यवस्थेत लागणारच. पण या तंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. माणसांशी कसे वागावे हे ते शिकवते. त्या माणसांचे हक्क काय, पर्यवेक्षकाचा निर्णय चुकला तर त्यांनी कोठे जावे, हे मात्र त्याच्या चौकटीत बसत नाही. शिवाय ते दिले जाते ते मुख्यत्वे आधीच पर्यवेक्षक झालेल्यांना. पोहायला शिकवायचे ते नदीत ढकलल्यानंतर, असा हा क्रम आहे.

अहमदाबादेत १९५३ साली याहून मूलगामी प्रयोग झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कॅलिको समूहाच्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या एका खात्याचा अभ्यास केला. तेथे दोनशेहून अधिक माग होते आणि तीसेक कामगार. कामांची वाटणी इतकी बारीक झालेली होती की, विणकर, तुटलेले धागे बघणारा, माग दुरुस्त करणारा, तेल घालणारा, प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळे माग येत. कोणाचाच कोणाशी पक्का गट नव्हता, आणि सगळा मेळ घालण्याचा भार एकट्या पर्यवेक्षकावर. राइस यांनी सुचवले की ठरावीक माग एका लहान गटाकडे पूर्णपणे द्यावेत. सूचना पुढे येताच कामगारांनी ती उचलली आणि आपापले गट स्वतःच जमवले. उत्पादन वाढले, कापडातले दोष घटले. सतत पाठीशी उभा राहण्याची पर्यवेक्षकाची गरज उरली नाही. सूत वेळेवर येते की नाही, बाहेरच्या अडचणी गटापर्यंत पोहोचत नाहीत ना, हे पाहणे हे त्याचे मुख्य काम झाले. पुढे १९७० च्या सुमारास त्याच गिरणीची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा एका खात्यात ही पद्धत टिकून होती आणि इतरत्र जुनी घडी परतली होती. प्रयोगाचे यश जितके बोलके आहे तितकीच ही परतणीही. पर्यवेक्षकाला वरून दडपण आले की त्याचा हात सवयीने हुकमाकडे वळतो. ज्या गटातून उद्याचा पर्यवेक्षक निघायचा, तो गटच मग शिल्लक राहत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या शब्दाची व्याख्या केली. १९५६ च्या दुरुस्तीने पर्यवेक्षकीय काम करणारा आणि दरमहा ५०० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस या व्याख्येतून बाहेर ठेवला. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १,६०० रुपये झाली, २०१० साली १०,००० रुपये, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० रुपये. आकडे वाढले, रेघ कायम राहिली. त्या रेघेच्या पलीकडे गेलेल्याला कामगार म्हणून मिळणारे संरक्षण नाही. त्याला कामावरून काढले तर त्याच्यासाठी औद्योगिक न्यायालयाचे दार सहजी उघडत नाही, आणि कालच्या सहकाऱ्यांची युनियनही त्याच्यासाठी भांडायला बांधील नाही. याचा फायदा घेऊन कित्येक ठिकाणी नुसत्या नावाच्या बढत्या दिल्या जातात: काम तेच यंत्रावरचे, पण पाटी सुपरवायझरची. न्यायालयांनी यावर घेतलेली भूमिका मोलाची आहे. पदाचे नाव काय आहे यापेक्षा त्या माणसाचे मुख्य काम काय आहे हे पाहिले जाते. तो इतरांना काम वाटून देतो का, त्यावर देखरेख करतो का, याचा पुरावा लागतो. गंमत अशी की, पाटी लावल्याने कोणी पर्यवेक्षक होत नाही, ही गोष्ट न्यायालयांनी ओळखली आणि कारखान्यांनी अजून ओळखलेली नाही.

मग अधिकार हाती येण्यापूर्वी नेतृत्व शिकायचे कोठे? त्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. कारखान्याच्या आवारातच त्याच्या शाळा आहेत. त्यांच्याकडे शाळा म्हणून पाहिले जात नाही, इतकेच.

कामगारांच्या पतपेढीचे उदाहरण घ्या. संचालक म्हणून निवडून आलेल्या कामगाराच्या पुढे महिन्याला कर्जाचे अर्ज येतात. पैसा मर्यादित असतो, गरज अमर्याद. एकाच्या मुलीचे लग्न, दुसऱ्याच्या आईचे ऑपरेशन, तिसऱ्याने मागचेच कर्ज फेडलेले नाही, आणि हा तिसरा नेमका संचालकाचा मेहुणा. त्या बैठकीत मेहुण्याचा अर्ज बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी उभे राहून आठ तास काम करायचे, याहून कठीण परीक्षा कोणत्याही व्यवस्थापन संस्थेत घेतली जात नाही. आपल्या माणसाला 'नाही' म्हणणे, ते का म्हटले हे त्याच्या तोंडावर सांगणे, आणि त्याचा राग सोसूनही संबंध टिकवणे, ही पर्यवेक्षकाच्या कामाची मुळाक्षरे आहेत. पतपेढीत ती गिरवता येतात, कारण तेथे चुकले तर पुढच्या वार्षिक सभेत कोणीतरी हिशेब मागतो. जॉबरकडे कोणी मागत नव्हता.

उपाहारगृहाची समिती ही त्याहून दुर्लक्षित. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थापक समितीत कामगारांच्या प्रतिनिधींना जागा ठेवली. २०२० च्या संहितेने ही संख्या शंभरावर आणली. तेथे बसणारा प्रतिनिधी बहुधा 'डाळ पातळ आहे' एवढे बोलून परत येतो. परंतु जो चार दिवस भांडारात उभा राहून डाळ वजन करून घेतो, किती माणसे जेवली ते मोजतो, तेलाचा भाव वाण्याकडे विचारतो आणि मग कागद घेऊन समितीत बसतो, तो काहीतरी वेगळे शिकतो. तक्रार आणि पुरावा यांतले अंतर त्याला कळते. आचाऱ्यालाही बाजू असते हेही त्याला कळते. असा माणूस उद्या सुपरवायझर झाला आणि त्याच्यापुढे उशिरा आलेला कामगार उभा राहिला, तर तो आधी विचारील की पाळीची बस किती वाजता आली.

नव्या उमेदवाराला काम शिकवणे हीसुद्धा अशीच संधी. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार कारखान्यांत आले. बहुतेक ठिकाणी त्यांना झाडू मारायला किंवा चहा आणायला लावतात. ज्येष्ठ कामगार आपले कसब राखून ठेवतो, कारण तेच त्याचे भांडवल. पण जो ज्येष्ठ कामगार आपले हात थांबवून पोराच्या हाती पाना देतो आणि त्याची चूक होईपर्यंत धीर धरतो, त्याच्यात आणि इतरांत फरक पडलेला असतो. कामगार शिक्षणाच्या सरकारी योजनेत हे मर्म एकेकाळी ओळखलेले होते. १९५८ साली नागपूर येथे केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. शिक्षणाधिकाऱ्यांनी काही कामगारांना शिकवावे, त्या कामगार-शिक्षकांनी परत आपल्या कारखान्यात जाऊन सोबत्यांचे वर्ग घ्यावेत, अशी त्याची रचना होती. बाहेरच्या पंडितापेक्षा शेजारच्या यंत्रावरचा माणूस अधिक चांगला शिकवील, या विश्वासावर ती उभी होती. अशा योजनेला युनियनांनी आपली उत्तम माणसे द्यायला हवी होती. पुष्कळांनी जी माणसे मोकळी होती ती पाठवली.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. कारखान्यात स्त्री पर्यवेक्षक विरळा, कारण पर्यवेक्षक होण्याआधीच्या ज्या शाळा सांगितल्या त्यांच्या बैठका पाळी सुटल्यावर होतात, आणि त्या वेळी तिला घरी चूल पेटवायची असते. म्हणून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. १९५९ साली गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पुढे संस्था देशभर पसरली, तरी सभासद बहिणीच राहिल्या आणि शाखेची संचालिका या बहिणींतूनच येते. पीठ मळून वाटणे, लाटलेले पापड तपासून घेणे, निकृष्ट पापड परत करणे, मजुरीचा हिशेब, ही देखरेखीची सारी कामे जिने स्वतः वर्षानुवर्षे पोळपाटावर पापड लाटले ती करते. परत केलेला पापड किती झोंबतो हे तिला ठाऊक असते. या संस्थेवर टीका करण्याजोगे काही नाही असे नव्हे. घरी बसून केलेल्या कामाची मजुरी आणि सुरक्षितता हे प्रश्न समाजवाद्यांनी विचारलेच पाहिजेत. तथापि पर्यवेक्षक बरोबरीच्या माणसांतून, त्यांच्या संमतीने यावा, ही गोष्ट शिक्षणाची प्रमाणपत्रे नसलेल्या बायकांनी व्यवहारात आणून दाखवली.

याउलट नव्या नावाने जुनी मुकादमी परत येताना दिसते. मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत ती कधी गेलीच नव्हती. उचल देणारा मुकादम, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि फिटेपर्यंत न संपणारे कर्ज. शहरांत कंत्राटदाराचा सुपरवायझर आला आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा झाला, पण मूळ मालक, कंत्राटदार आणि त्याचा सुपरवायझर यांच्यात जबाबदारी अशी विभागली जाते की ती कोणाच्याच हाती लागत नाही. सफाई, सुरक्षा, गोदाम या कामांत हा सुपरवायझर बहुधा विशी-पंचविशीतला तरुण असतो. स्वतःची नोकरी महिन्या-महिन्याने वाढवून घेणारा. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याला कोणी बैठकीला बोलावले नाही, समितीवर घेतले नाही, कोणाची तक्रार लिहून घ्यायला सांगितले नाही. त्याने नेतृत्व पाहिले ते एकच: वरून ओरडणे.

१९८८ साली कुर्ल्याच्या कामानी ट्यूब्ज या बंद पडलेल्या कारखान्याच्या बाबतीत औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाने कामगारांच्या सहकारी मालकीची योजना मंजूर केली. देशभरच्या समाजवाद्यांना तेव्हा मोठी आशा वाटली. यंत्रे कामगारांची झाली, भागही त्यांचे झाले. काही वर्षे कारखाना चालला आणि पुढे पुन्हा अडचणीत आला. भांडवलाची टंचाई, बाजार, बँका, अशी त्याची आर्थिक कारणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोजता येतील. पण मालकी बदलल्याने न सुटणारा एक प्रश्न अशा प्रत्येक प्रयोगापुढे पहिल्याच सोमवारी उभा राहतो. सगळेच मालक, मग पर्यवेक्षकाने कोणाच्या नावाने काम सांगायचे? मालकाच्या नावाने सांगण्याची सवय असलेला येथे निरुत्तर होतो. ज्याने सोबत्यांच्या नावाने सांगण्याची सवय आधीच केली असेल, तोच येथे चालू शकतो. अशी माणसे कारखाना हाती आल्यावर शोधू म्हणणे व्यर्थ आहे.

यावर युनियनमधून एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. चळवळीने कष्टाने माणूस घडवायचा आणि मालकाने तो बढती देऊन उचलून न्यायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार नव्हे काय? व्यवहार आतबट्ट्याचा होतो तो एकच माणूस घडवला तर. खात्यातून दोन माणसे तयार असतील तर एक गेल्याने समिती ओस पडत नाही. पण पुष्कळ युनियनांत तोच सेक्रेटरी वीस-वीस वर्षे असतो, तक्रारीची वही त्याच्याच पिशवीत असते, आणि दुसऱ्याने ती हाती घेतली तर त्याला राग येतो. जॉबरविरुद्ध लढलेल्या चळवळीतही एक जॉबर दडून बसलेला असतो, हे कबूल करण्यात संकोच बाळगू नये.

करण्याजोगे काम लहान आहे. तक्रार लिहून घेण्याचे काम दर सहा महिन्यांनी खात्यातल्या नव्या माणसाकडे द्यावे. पाळीवाटपाचा तंटा सेक्रेटरीने न सोडवता खात्यातल्या दोघांनी सोडवावा आणि सेक्रेटरीने गप्प बसून ऐकावे. पतपेढीत आणि उपाहारगृहाच्या समितीत पस्तिशीच्या आतले निदान निम्मे असावेत, आणि बैठकीची वेळ बायकांना सोयीची असावी. बढतीचे पत्र आलेल्या कामगाराला युनियनने बोलावून घ्यावे, त्याच्यावर विश्वासघाताचा शिक्का मारू नये, आणि कायद्याने त्याचे कोणते संरक्षण जाते ते त्याला स्पष्ट सांगावे. ते ऐकून तो नाही म्हणाला तर तोही त्याचा हक्क.

आणि तो हो म्हणाला, तरी तो नाहीसा होत नाही. २०२० च्या संहितेत वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेसाठी तक्रार निवारण समिती सांगितली आहे. दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान, आणि अध्यक्षपद एक वर्ष मालकाच्या बाजूकडे तर एक वर्ष कामगारांकडे. कधीतरी हा माणूस त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असेल आणि अलीकडे असेल त्याने एकेकाळी तक्रार लिहायला शिकवलेला उमेदवार. तक्रार कदाचित त्याच्याच निर्णयाविरुद्ध असेल. त्या बैठकीत दोघांनीही आपापली टिपणे तारीखवार ठेवावीत.